ताकद कमवायची जूनमध्ये, टिकवायची मार्चपर्यंत

महोदय,

क्रीडा क्षेत्रातील करिअरवरच्या लेखांत अमेरिकी कॉलेज बास्केटबॉल संघाचा ‘स्ट्रेंथ अँड कंडिशनिंग कोच’, म्हणजे खेळाडूंची ताकद आणि दमसास घडवणारा प्रशिक्षक, हल्ली हमखास असतो. सोबत बारबेलचे छायाचित्र आणि पगाराचा सर्वांत वरचा आकडा. जिममध्ये रमणाऱ्या मुलांना ते वाचून वाटते, एवढे तर आपल्याला येतेच. म्हणून या कामाचे थोडे तपशील.

१९६९ मध्ये नेब्रास्का विद्यापीठाने बॉइड एप्ली यांना हा कोच म्हणून नेमले ते अमेरिकी फुटबॉलसाठी. त्यांच्याच पुढाकाराने १९७८ मध्ये ‘एनएससीए’ ही अशा कोचची संघटना उभी राहिली. फुटबॉलचा हा वारसा बास्केटबॉलला अजून नडतो, कारण तेच व्यायाम उंच मुलांनाही दिले जातात. पावणेसात फूट उंचीच्या मुलाचे मांडीचे हाड लांब असते. जमिनीवरची सरळ बार उचलायला वाकला की त्याची पाठ गोल होते. त्याला आत उभे राहून उचलायची षटकोनी ट्रॅप बार द्यावी, तीही उंच हँडलची, आणि तरी पाठ वाकत असेल तर प्लेटखाली पाच-दहा सेंटीमीटरचे ठोकळे ठेवावेत. पाठीवर बार घेऊन खोल स्क्वॉटचा हट्ट धरण्यापेक्षा मागचा पाय बाकावर ठेवून एका पायाचा स्क्वॉट बरा. लांब हातांमुळे बेंच प्रेसमध्ये खांद्यावर ताण येतो, तिथे डंबेल. ‘क्लीन’मध्ये, म्हणजे जमिनीवरची बार झटक्यात उचलून खांद्यावर झेलताना, मनगट दुखावले तर बास्केटचा नेमही बिघडतो. त्याऐवजी हलक्या ट्रॅप बारसह उड्या माराव्यात.

गुडघ्याच्या वाटीखालचा टेंडन (स्नायूचा भार हाडापर्यंत नेणारा चिवट पट्टा) दुखणे हे या खेळाचे नेहमीचे दुखणे. त्यावर नुसती विश्रांती दिली की दुखणे थांबते आणि खेळ सुरू होताच परत येते, कारण टेंडनची भार सोसण्याची क्षमता दरम्यान आणखी घटलेली असते. लेग एक्स्टेन्शनवर, म्हणजे बसून गुडघा सरळ करण्याच्या यंत्रावर, पाय न हलवता कमाल ताकदीच्या सुमारे ७० टक्क्यांनी ४५ सेकंद रेटून धरायचे, असे पाच वेळा, मध्ये दोन मिनिटे विश्रांती. पुढे हळूहळू जड, संथ व्यायाम. त्या वेळी किती दुखले यापेक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी किती दुखते, ते पाहून भार ठरवावा.

पण हे सगळे पुस्तकातून शिकता येते. खरी परीक्षा वेळेची. एनसीएए या अमेरिकी कॉलेज क्रीडा संघटनेच्या डिव्हिजन-१ या सर्वांत वरच्या गटात हंगामात आठवड्याला २० तास, दिवसाला ४ तास आणि एक दिवस पूर्ण सुटी अशी मर्यादा आहे. सामना कितीही लांबला तरी तो ३ तासच मोजतात. वजनांचा व्यायाम मात्र याच २० तासांतून जातो. उन्हाळ्यात आठ आठवडे मिळतात, तेही आठवड्याला ८ तास, आणि त्यातले ४ तास मुख्य प्रशिक्षक कौशल्याच्या सरावासाठी घेऊ शकतो. ताकद कमवायची ती इथेच. पहिल्या सामन्याच्या ४२ दिवस आधी संघाचा पूर्ण सराव सुरू होतो. त्याच काळात ‘फिटनेस टेस्ट’च्या नावाखाली वेगळे धावायला लावणे ही जुनी खोड आहे. उड्या, दिशाबदल आणि वरून धावणे असा भार एकदम वाढला की नडगी आणि पावलाच्या हाडांना बारीक तडे जातात.

नोव्हेंबरपासून आठवड्याला साधारण दोन सामने, मध्ये विमानप्रवास. हाती उरतात ३०-४० मिनिटांची दोन सत्रे. इथे वजन कमाल ताकदीच्या ८०-८५ टक्क्यांवर ठेवायचे आणि सेट कापायचे: दोन-तीन सेट, प्रत्येकी दोन-तीन रेप्स (आवर्तने). पाय जड होतील या भीतीने अनेक जण जानेवारीत स्क्वॉट बंदच करतात. मग फेब्रुवारीत ताकद घटलेली दिसते, घाईने पुन्हा सुरू करतात, आणि सवय मोडलेले स्नायू ऐन महत्त्वाच्या सामन्याआधी दोन दिवस आखडून बसतात. सलग चालू ठेवलेला थोडा व्यायाम इतका दुखत नाही. शिवाय एकाच संघात ३५ मिनिटे खेळणारा असतो आणि दोन मिनिटे खेळणाराही. दोघांना एकच तक्ता दिला तर पहिला दमतो आणि बाकावर बसणाऱ्याचा दमसास जातो. दुसऱ्याला सामन्यानंतर किंवा दुसऱ्या दिवशी छोट्या-छोट्या धावा द्याव्याच लागतात.

मोजमापाचा बडेजावही फार आहे. घराबाहेरच्या खेळातले जीपीएस बंदिस्त कोर्टवर चालत नाही. तिथे वेगळे अँटेना बसवावे लागतात. ते नसेल तर खेळाडूला सराव किती जड गेला ते दहापैकी विचारा आणि मिनिटांनी गुणा: ९० मिनिटे, ७ गुण, भार ६३०. फोर्स प्लेट (पायांचा जमिनीवरचा जोर मोजणारी पाटी) असेल तर उडीच्या उंचीवर विसंबू नका. थकलेला खेळाडू तितकीच उंच उडी मारतो, फक्त जमीन सोडायला जास्त वेळ घेतो.

जिवाशी गाठ पडते ती सुटीनंतरच्या पहिल्या आठवड्यात. २०११ मध्ये आयोवा विद्यापीठाचे १३ फुटबॉलपटू सुटीनंतरच्या कठोर व्यायामाने रॅब्डोमायोलिसिस (स्नायू फुटून त्यातील द्रव्ये रक्तात मिसळणे) होऊन रुग्णालयात गेले. म्हणून पहिल्या आठवड्यात कंडिशनिंग (दमसासाचा व्यायाम) किमान निम्म्याने आणि दुसऱ्यात ३० टक्क्यांनी कमी ठेवावे, असे २०१९ पासूनच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. सिकलसेल या आनुवंशिक रक्तदोषाचा वाहक असलेल्या राइस विद्यापीठाच्या खेळाडूचा २००६ मध्ये सरावानंतर मृत्यू झाला. त्यानंतर २०१० मध्ये डिव्हिजन-१ मध्ये सिकलसेलची तपासणी आली. वाहक खेळाडू खेळू शकतो, मात्र त्याला सलग दोन-तीन मिनिटांपेक्षा जास्त जीव तोडून पळवू नये, आणि पाय गळाल्याची तक्रार केली तर ‘नाटक करतो’ म्हणू नये. सिकलसेल जास्त आढळणाऱ्या नंदुरबार, गडचिरोलीकडच्या मुलांना घेऊन शिबिरे भरवणाऱ्यांनी निदान एवढे तरी अमेरिकेकडून उचलावे.

आता मार्ग. पदवी, सीपीआर आणि ‘एनएससीए’ची ‘सीएससीएस’ ही प्रमाणपत्र परीक्षा: विज्ञानाचे ८० आणि प्रत्यक्ष वापराचे ११० गुणांकित प्रश्न, दोन्ही भागांत वेगवेगळे उत्तीर्ण व्हावे लागते. ‘सीएससीसीए’ या दुसऱ्या संघटनेच्या प्रमाणपत्रासाठी अनुभवी कोचच्या हाताखाली ६४० तास लागतात. त्यापुढे बहुधा बिनपगारी इंटर्नशिप, मग फी माफ आणि तुटपुंजे मानधन असलेली ग्रॅज्युएट असिस्टंटची जागा, मग साहाय्यक. लहान कॉलेजात एकाच माणसाकडे पाच-सहा खेळ. मोठ्या कॉलेजात मुख्य प्रशिक्षक हरून गेला की त्याच्याबरोबर यालाही पेटी भरावी लागते, तक्ते कितीही चोख असोत.

आपल्याकडून जाणाऱ्यांना व्हिसाचे गणित वेगळे. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर कॅम्पसबाहेरच्या इंटर्नशिपला आधी सीपीटीची (अभ्यासक्रमाचा भाग म्हणून काम करण्याची) परवानगी लागते, आणि शिक्षणानंतर कामाला सामान्यतः १२ महिने. विद्यापीठे एच-१बी या नोकरीच्या व्हिसाच्या वार्षिक मर्यादेबाहेर आहेत, पण कनिष्ठ जागेसाठी ती कागदपत्रे करायला किती क्रीडा विभाग तयार होतील हा प्रश्न आहे. करिअर पुरवणीत पुढच्या वेळी या अभ्यासक्रमांची माहिती देताना प्रवेशाआधी विद्यापीठाला विचारायचे दोन प्रश्नही छापावेत: इंटर्नशिप नेमक्या कोणत्या संघाबरोबर मिळते, आणि मागच्या तीन वर्षांतले किती परदेशी विद्यार्थी पगारी कामाला लागले?

— एक वाचक, डेक्कन जिमखाना, पुणे