हाताचं सांगत जा

चि. समीर,
अनेक आशीर्वाद.

रिगवर टाँगमध्ये, पाइप आवळायच्या त्या अवजड पान्यात, बोट सापडलं, टाके पडले, हे तू आठवडा उलटल्यावर सांगितलंस, तेही आईने व्हिडिओवर पट्टी पाहिली म्हणून. त्यावर आता काही बोलायचं नाही असं ठरवून लिहायला बसलोय.

काकूचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं. तुझ्या विम्याचा हप्ता भरला.

पाइपचा जोड आवळताना हात टाँगच्या हँडलवरच हवा, फटीजवळ नको. तुला हे शिकवलेलंच असणार. पण भोसरीला माझं आयुष्य कारखान्यातल्या पत्रा दाबायच्या प्रेसवर गेलं. दोन्ही हातांनी दोन बटणं दाबल्याशिवाय प्रेस खाली यायचा नाही, म्हणजे हात बाहेरच राहायचे. आकडा गाठायला लोक एका बटणात पाचर मारून ठेवत. माळीकाकांची बोटं तशीच गेली. तरी तुझ्या पतंगाला कण्णी तेच बांधायचे. दुसऱ्या कुणी बांधलेली तुला चालायची नाही, गच्चीवर रडून गोंधळ घालायचास.

पुन्हा हातावरच आलो. रागावू नकोस. पण 27 जुलै 2005 चं तुला माहीत असायला हवं. आदल्या दिवशी मुंबई पाण्यात गेली होती, म्हणून समुद्रातल्या मुंबई हाय तेलक्षेत्रातल्या आगीची बातमी लोकांच्या फारशी लक्षात राहिली नाही. तिथल्या एका जहाजावरच्या आचाऱ्याची बोटं कापली होती. उपचारासाठी त्याला प्लॅटफॉर्मवर चढवायला जवळ आणलेलं जहाज लाटांनी गॅसच्या उभ्या पाइपवर, तुमच्या त्या रायझरवर, आदळवलं. गॅस पेटला. दोनेक तासांत प्लॅटफॉर्म उरला नाही, 22 माणसं गेली. समुद्रात कापलेलं बोटसुद्धा किरकोळ नसतं रे.

आणि सडक्या अंड्यासारखा वास आला की लगेच निघ. तो नंतर येईनासा झाला तर गॅस गेला असं समजू नकोस. हायड्रोजन सल्फाइड हा विषारी गॅस वाढला की नाकच काम करत नाही. छातीवरचा डिटेक्टर काढून ठेवू नकोस.

फार शिकवतोय, माफ कर. जोशीकाका विचारतात तेव्हा 'पोरगा रिगवर आहे' हे मी जरा मोठ्यानेच सांगतो. चुकतंय असं दिसलं तर नवा माणूसही काम थांबवू शकतो, हे तूच मला सांगितलंस. ड्रिलर, म्हणजे तुझा वरचा माणूस, चिडला तरी थांबव.

दुखापतीची नोंद केलीस का? नसेल तर आजच कर. टाके कधी निघणार तेही कळव. सुट्टीला येताना शिवनेरीने ये, रात्रीचा गाडी चालवत येऊ नकोस.

तुझे,
बाबा