पाण्यात राहिलेला ट्रॉन

प्रिय अनंता,

सप्रेम नमस्कार.

पत्रास कारण की, पैज तू जिंकलास. तुझ्या पत्राला दोन वर्षे उत्तर दिले नाही याची लाज वाटत होतीच. पण ‘ट्रॉन’ मालिकेतला तिसरा चित्रपट ‘ट्रॉन : एरीस’ पाहून बाहेर पडलो तेव्हा कळले, की ही कबुली तुझ्यावाचून दुसऱ्या कोणापुढे देण्यात अर्थ नाही. माझी प्रकृती ठीक आहे, रक्तदाब आटोक्यात आहे.

२०१० च्या ‘लेगसी’ या दुसऱ्या चित्रपटाच्या शेवटी आपण कोणाच्या बाजूचे हे ट्रॉनला, म्हणजे संगणकाच्या आतल्या जगातल्या त्या लढवय्या प्रोग्रामला, आठवते, तो समुद्रात कोसळतो आणि बुडता बुडता त्याच्या अंगावरचा तांबडा प्रकाश बदलतो, एवढ्या एका क्षणावर आपण पंधरा वर्षे काढली. २०१५ मध्ये तिसरा चित्रपट रद्द झाला, तेव्हा वसंताने सुतक पाळायचे ठरवले होते आणि तू म्हणाला होतास, की स्टुडिओ परत येईल, पण ट्रॉनला पाण्याबाहेर काढायला येणार नाही. मी चिडून पैज लावली. आता चित्रपट आला. नाव ट्रॉनचे, आणि ट्रॉन कुठेच नाही! ट्रॉन साकारणारे ब्रूस बॉक्सलायटनर नाहीत, त्यांच्या पात्राचे पुढे काय झाले तेही नाही. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. श्रेयनामावलीच्या मध्येच पहिल्या चित्रपटातल्या सार्कच्या वेशाची झलक मात्र आहे, म्हणजे खलनायकाची आठवण राहिली आणि नायकाचीच नेमकी पुसली गेली. (सार्क हाच खरा नायक, हे तुझे जुने मत कृपया पुन्हा लिहून पाठवू नकोस.)

चित्रपट वाईट आहे असे मी म्हणत नाही. नव्या चित्रपटाचा नायक एरीस १९८२ च्या पहिल्या चित्रपटातल्या ग्रिडमध्ये, म्हणजे संगणकाच्या आतल्या त्या जुन्या जगात, उतरतो, तिथे त्या साध्या, भौमितिक आकारांत फ्लिन या संगणकतज्ज्ञाच्या भूमिकेतले जेफ ब्रिजेस समोर येतात, तेव्हा माझे डोळे भरून आले आणि शेजारचा मुलगा माझ्याकडे संशयाने पाहू लागला. पण तिथेच मनात शंका शिरली. त्या मूळ चित्रपटात संगणकाने घडवलेली दृश्ये जेमतेम पंधरा मिनिटांची. बाकीचा झगमगाट म्हणजे काळ्या पार्श्वभूमीवर कृष्णधवल चित्रण करायचे, प्रत्येक चौकट मोठ्या पारदर्शक फिल्मवर उतरवायची आणि मागून प्रकाश सोडायचा, असा हाताने केलेला उद्योग होता. तरीही संगणक वापरणे ही लबाडी समजली गेली, म्हणून दृश्यपरिणामांचे ऑस्कर नामांकनसुद्धा मिळाले नाही, असे त्याचे दिग्दर्शक लिसबर्गर पुढे सांगत असत. इतक्या कष्टाने लावलेला तो प्रकाश आता कोणालाही हवा तेव्हा लावता येतो, आणि स्टुडिओने जपले ते नेमके तेवढेच. गोष्ट कुठे थांबली होती, हे कोणी पाहिलेच नाही. २८ वर्षांनी ‘लेगसी’ आला, तेव्हा त्यांनी निदान फ्लिनला शोधायला मुलगा तरी पाठवला होता. (तरुण ब्रिजेसच्या त्या संगणकाने घडवलेल्या चेहऱ्याला तू मेणाचा पुतळा म्हणालास, ते मी अजून माफ केलेले नाही.)

आणि आता हाही तिकीटबारीवर आपटला आहे. म्हणजे पुढचे दार पुन्हा बंद होणार आणि ट्रॉन पाण्यातच राहणार. आपल्या वयाचा हिशेब मी केला आणि कागद फाडून टाकला.

तुझी बदली झाल्याचे वसंताकडून कळले, अभिनंदन. चिनू आता महाविद्यालयात जाऊ लागली असेल, तिला आशीर्वाद. वहिनींना नमस्कार सांग. नवे घर मानवले का, तेही कळव.

तुझा,
माधव

ता. क. पैज हरलो, पण रंगाचा वाद हरलेलो नाही. बुडताना त्याच्या अंगावरचा प्रकाश निळसर होता, पांढरा नव्हे.