बाबा, ती बारकी गोळी सोडू नका

आई, बाबा,

काल फोनवर बाबा सहज बोलून गेले की टीबीच्या गोळ्या वेळेवर घेतो पण ती बारकी बी६ची कधी घेतो कधी राहते, व्हिटॅमिनच तर आहे. तेव्हा आईने जेवणाचा विषय काढला आणि ते राहून गेलं, पण मला रात्री झोप लागेना म्हणून लिहितेय. बाबा, मी लॅबमध्ये जे करते ना, त्यातच ही गोळी येते.

मेंदूत काही पेशी बाकीच्या पेशींना शांत ठेवतात, त्यासाठी त्या गाबा नावाचं रसायन सोडतात. आई, तू झोपेसाठी गाबाच्या गोळ्या मागवू का विचारत होतीस, नको मागवू, रक्तातलं गाबा मेंदूत फारसं शिरतच नाही, तिथल्या पेशींना ते स्वतःच बनवावं लागतं. कच्चा माल शेजारच्या अ‍ॅस्ट्रोसाइट पेशी देतात. आजूबाजूला सांडलेलं गाबा आणि ग्लुटामेट नावाचं दुसरं रसायन त्या उचलतात, त्याचं ग्लुटामिन हे तिसरं रसायन करतात आणि बाहेर सोडतात. मग शांत करणाऱ्या पेशीच्या, म्हणजे न्यूरॉनच्या, आवरणातलं स्नॅट१ नावाचं प्रोटीन ते आत ओढून घेतं, सोडियम बाहेर जास्त आणि आत कमी असतं, ते आत घुसताना ग्लुटामिनलाही सोबत आणतं. मला हे अजूनही फार सुंदर वाटतं. आत गेल्यावर ग्लुटामिनचं परत ग्लुटामेट होतं, जे खरं तर पेशींना चेतवणारं, आणि त्यातून एक कार्बन डायऑक्साइड निघाला की तेच शांत करणारं गाबा!

हे शेवटचं काम करणाऱ्या एन्झाइमला बी६ लागतंच. १९५०च्या दशकात अमेरिकेत बाळांच्या डब्याच्या दुधातलं बी६ तापवण्यात नष्ट झालं होतं तर बाळांना झटके यायला लागले, बी६ दिल्यावर थांबले.

आणि बाबा, तुमच्या गोळ्यांमधलं आयसोनियाझिड बी६ला अडकवतं, मग ते बी६ लघवीतून निघून जातं. झटके वगैरे येतात ते आयसोनियाझिड खूप जास्त पोटात गेलं तर, तुम्ही घाबरू नका, पण नेहमीच्या डोसवरही हातापायाला मुंग्या येऊ शकतात, नसा दुखावतात. परवा तळपाय बधिर वाटतो म्हणालात ते डॉक्टरांना नक्की सांगा. आणि राहिली म्हणून दुसऱ्या दिवशी दोन-तीन घेऊ नका, बी६ फार झालं तरी नसांना त्रास होतो.

आई, सकाळच्या खणात ती गोळी बाकीच्यांसोबतच ठेवशील? रविवारी फोन करते.

तुमची चिमू