मंत्रिमहोदय, सुवर्णसौध एक दिवस मुलांना द्या

माननीय शालेय शिक्षण मंत्री,
कर्नाटक सरकार, बेंगळूर

महोदय,
सविनय नमस्कार.

मी बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागातल्या एका मराठी माध्यमाच्या हायस्कूलमध्ये समाजविज्ञान शिकवते. गेल्या पावसाळ्यात एका शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर माझ्या नववी-दहावीच्या मुलांनी एका शब्दावर पाऊण तास वाद घातला. बाहेर पाऊस कोसळत होता, डबे उघडले नव्हते, तरी कुणी उठेना. आपल्याला पत्र लिहायचं मी त्याच दिवशी ठरवलं.

फळ्यावर दोन ओळी होत्या. ‘कोळशावरची वीज टप्प्याटप्प्यानं बंद करणे’ आणि ‘कोळशावरची वीज टप्प्याटप्प्यानं कमी करणे’. नोव्हेंबर 2021 मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेत शेवटच्या बैठकीपर्यंत मसुद्यात ‘बंद’ होतं. भारताचे पर्यावरणमंत्री भूपेंद्र यादव यांनी तिथं ‘कमी’ हा शब्द सुचवला आणि अखेर तोच राहिला. परिषदेचे अध्यक्ष आलोक शर्मा यांनी सगळ्या देशांची माफी मागितली, तेव्हा त्यांचा गळा दाटून आला होता. एवढं सांगून मी वर्गाचे गट पाडले आणि मागच्या बाकावर जाऊन बसले.

भारताच्या गटातला मुलगा शेतकऱ्याच्या घरचा. तो म्हणाला, “आमच्याकडे सिलिंडर संपला की आजही चुलीवर भाकरी होते. थ्री फेज रात्री येतो, म्हणून बाबा रात्री बारा वाजता मोटार सुरू करायला शिवारात जातात. उद्या रायचूरचं कोळशावरचं वीजकेंद्र बंद केलंत तर तेवढीही वीज येणार नाही. ज्यांची घरं शंभर वर्षं उजळली, त्यांनी आधी बंद करावं.” यादव यांनीही ग्लासगोत गरीब घरांना स्वयंपाकाच्या गॅसवर मिळणाऱ्या सवलतीचा दाखला दिला होता. हे मी त्याला सांगितलं नव्हतं. तो आपल्या चुलीवरून तिथवर पोचला होता.

मार्शल बेटांची बाजू एका मुलीकडे होती. समुद्रापासून सरासरी दोनच मीटर उंचीचा तो देश. ती उठली आणि एवढंच बोलली, “तुझे बाबा रात्री जातात, पण सकाळी घरी परत येतात. आमचं घरच राहणार नाही.”

वर्ग गप्प झाला. थोड्या वेळानं कुणीतरी विचारलं, “टीचर, निकाल कुणाचा?”

महोदय, मुलांच्या तोंडी हा प्रश्न आपण सगळ्यांनीच घातला आहे. आपल्याकडे मुलं बोलायला शिकतात ती वक्तृत्व स्पर्धेत, शाळांच्या ‘प्रतिभा कारंजी’ स्पर्धांत, गावच्या मंडळाच्या व्यासपीठावर. ती परंपरा मोलाची आहे. हिवाळ्यात कडोली, उचगाव, येळ्ळूर, कुद्रेमनीला साहित्य संमेलनं भरतात, मांडवात सतरंजीवर बसून आमची मुलं मोठमोठ्या वक्त्यांना ऐकतात, त्यातूनच त्यांना चार माणसांसमोर उभं राहायचं धाडस येतं. पण ‘पर्यावरण वाचवा’ या विषयावरची पाच मिनिटांची भाषणं मीही कित्येक वर्षं मुलांना लिहून दिली आहेत, आणि आज मला त्याचं वाईट वाटतं. त्या भाषणांत झाड हा शब्द दहा वेळा यायचा. झाड कुणी तोडलं आणि भरपाई कुणी द्यायची, हा प्रश्न एकदाही यायचा नाही. मूल पाठ म्हणायचं, परीक्षक गुण द्यायचे, ढाल मिळायची, संपलं.

जागतिक वाटाघाटी अशा चालत नाहीत. 1992 च्या रिओ परिषदेत हवामान करारावर सह्या सुरू झाल्या, 1995 मध्ये बर्लिनला पहिली परिषद भरली, आणि मतदान कसं घ्यायचं याचा नियम तेव्हापासून आजतागायत मंजूरच झालेला नाही. त्यामुळे जवळजवळ दोनशे देशांना एकमेकांचं मन वळवतच पुढं जावं लागतं. ज्या शब्दांवर एकमत नाही ते मसुद्यात चौकटी कंसात ठेवतात आणि रात्र रात्र जागून एकेक कंस काढतात. हे ऐकल्यावर एक मुलगा पटकन म्हणाला, “म्हणजे गणितात आपण कंस सोडवतो तसंच!” तेव्हापासून आमच्या शनिवारच्या तासाचं नावच ‘कंस सोडवणे’ पडलं आहे. त्यात नियम एकच. समोरच्याचं म्हणणं त्याला पटेल अशा शब्दांत आधी आपण सांगायचं, मग आपलं मांडायचं.

या तासाला दोन वर्षं झाली, आणि आपल्या सीमाभागातलं मूल या कामाला फार लवकर तयार होतं अशी माझी खात्री झाली आहे. त्याचं कारण सांगते.

ऑगस्ट 2019 चा महापूर आपल्याला आठवत असेल. कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा, मार्कंडेय, सगळ्या एकदमच फुगल्या. चिक्कोडी, अथणी, गोकाक, रामदुर्गची गावं पाण्यात गेली. पलीकडे महाराष्ट्रात शिरोळ, सांगलीतही तेच. इथं वर्गातल्या एका मुलीची मावशी शिरोळ तालुक्यात दिलेली, तर आत्या अथणीत. मावशीच्या घरी पूर कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या फुगवट्यामुळे आला असं बोललं जायचं, तर आत्याच्या घरी वरच्या धरणांनी एकदम पाणी सोडल्यामुळे. दोन्ही घरांतली भांडीकुंडी त्याच पाण्यात वाहून गेली होती.

आम्ही अलमट्टीवर वाटाघाट घेतली तेव्हा चिठ्ठ्या टाकल्या. धरणाची उंची, म्हणजे समुद्रसपाटीपासून मोजलेली पाणीपातळी, 519.60 वरून 524.256 मीटरवर न्यायला विरोध करायचं काम त्या मुलीकडे येईल असं सगळ्यांना वाटत होतं. चिठ्ठी निघाली कर्नाटकाची. विजयपूर-बागलकोटच्या कोरडवाहू शेतकऱ्याला त्या पाण्याची गरज का आहे, हे एका मराठी मुलीनं मराठी वर्गासमोर मांडायचं. घरी तिला बोलणी बसली. ती आठवडाभर वाचत होती. शनिवारी तिनं बाजू इतकी नेटानं मांडली की समोरच्या गटाला उंचीचा विषय बाजूला ठेवून पुराच्या दिवसांत कुणी किती पाणी कधी सोडायचं यावर बोलावं लागलं, आणि तिथं मात्र दोन कंस सुटले. घरी जाताना ती म्हणाली, “टीचर, मी हरले नाही, पण माझं मत थोडं बदललं.” माझ्या नोकरीत मला मिळालेलं हे सर्वांत मोठं बक्षीस आहे.

ज्याला नदीची वरची आणि खालची बाजू कळली, त्याला जागतिक करारातलं अवघड कलम समजावून सांगावं लागत नाही. ‘समान पण वेगवेगळी जबाबदारी’ हे रिओपासूनचं सूत्र पाठ्यपुस्तकाच्या भाषेत मुलांच्या डोक्यावरून जात होतं. सामाईक विहिरीचं उदाहरण मुलांनीच काढलं. एका भावानं वीस वर्षं रात्रंदिवस मोटार चालवली, ऊस पिकवला, माडी बांधली. आता तळ दिसू लागल्यावर तो म्हणतो, आजपासून सगळ्यांना सारखीच एकेक तास पाळी. विहीर वाचवायची तर पाळी लागणारच, पण ती सारखी कशी? श्रीमंत देशांनी 2009 मध्ये कोपनहेगनच्या हवामान परिषदेत गरीब देशांना वर्षाला 100 अब्ज डॉलर द्यायचं कबूल केलं, मुदत 2020 ची होती, आकडा गाठला 2022 मध्ये. 2024 मध्ये बाकूच्या परिषदेत 2035 पर्यंत वर्षाला 300 अब्ज ठरले आणि भारतानं भर सभेत हरकत नोंदवली. ही बातमी माझ्या मुलांनी विहिरीच्या भावकीसारखी वाचली.

मुलांच्या अशा वादांनी जगात काय फरक पडतो, असं कुणी विचारेल. 2019 मध्ये साउथ पॅसिफिक विद्यापीठातल्या कायद्याच्या 27 विद्यार्थ्यांनी वर्गातल्या अभ्यासातून एक मागणी काढली. हवामानाबाबत देशांचं कायदेशीर कर्तव्य काय, हे आंतरराष्ट्रीय न्यायालयाला विचारावं. त्यांनी सरकारांना पत्रं लिहिली, वानुआतूनं ती मागणी उचलली, आणि 29 मार्च 2023 रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं मतदानाशिवाय ठराव केला. द हेगमध्ये डिसेंबर 2024 मध्ये सुनावणी झाली, तिथं भारतानंही बाजू मांडली. 23 जुलै 2025 रोजी न्यायालयानं एकमतानं सांगितलं की हवामानाचं रक्षण करणं हे देशांचं कायदेशीर कर्तव्य आहे. वानुआतूची सगळी लोकसंख्या आपल्या बेळगाव जिल्ह्याच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी आहे.

आता माझ्या मनातली सल सांगते. माझी एक विद्यार्थिनी अशाच एका स्पर्धेला गेली होती. पूर्ण तयारीनिशी. तिथं गेल्यावर कळलं की बोलायचं ते कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत. परत येताना बसमध्ये ती खिडकीबाहेर बघत राहिली, एक शब्द बोलली नाही. स्पर्धेचं नाव मी घेत नाही, कारण मला कुणाला दोषी ठरवायचं नाही. कन्नड ही या राज्याची भाषा आहे आणि आमची मुलं ती शिकतात. पण विचार आधी आपल्या भाषेत पक्का होतो. संयुक्त राष्ट्रांत सहा भाषा चालतात आणि कानाला दुभाष्याचा आवाज असतो, म्हणून कुणाचा मुद्दा पडत नाही.

दुभाषे तर आपल्याकडे घरोघरी आहेत! बसमध्ये गप्प बसलेली हीच मुलगी दर महिन्याला आजीला पेन्शनसाठी बँकेत नेते. कन्नडमधला अर्ज वाचते, आजीला मराठीत सांगते, आजीचं म्हणणं साहेबांना कन्नडमध्ये सांगते. दवाखान्यात, तलाठ्याकडे, बसस्टँडवर आमची मुलं लहानपणापासून हेच करत आली आहेत. शहापूर-वडगावात तर उर्दूही त्यात येते. शाळेत या कसबाला एकही गुण मिळत नाही.

म्हणून माझी आपल्याला विनंती आहे. बेळगावातल्या सुवर्णसौधाचं, म्हणजे राज्याच्या इथल्या विधानभवनाचं, उद्घाटन 2012 मध्ये झालं. हिवाळी अधिवेशनाला तिथं सगळं सरकार येतं, आणि आमची मुलं महामार्गावरून जाताना बसच्या खिडकीतून ती इमारत बघतात. अधिवेशन आटोपल्यावर एक दिवस ते सभागृह जिल्ह्यातल्या शाळांना द्या. मराठी, कन्नड, उर्दू माध्यमांची मुलं एकत्र बसतील. देशांच्या चिठ्ठ्या निघतील, त्यामुळे कुणी आपल्या भाषेच्या गटात बसणार नाही. प्रत्येक जण आपापल्या भाषेत बोलेल आणि मुलंच दुभाषी होतील. ढाल नको, पहिला-दुसरा क्रमांकही नको. दिवसाअखेर जो मसुदा ठरेल तो आपल्या हातात देतील, कंसांसकट.

त्याआधी पॅरिस हवामान कराराची 29 कलमं शाळकरी मुलांना कळतील अशा मराठीत आणि कन्नडमध्ये समोरासमोर छापून द्या. हे मी स्वतः करायला बसले होते, पण ‘अनुकूलन’ आणि ‘हानी व नुकसान’ यांच्यापाशी अडले. जवळच्या कन्नड शाळेतल्या सहकारी शिक्षिकेला विचारलं, तर त्याही तिथंच अडलेल्या. आम्ही दोघींनी मिळून चार कलमं केली आहेत. खात्यानं हात लावला तर उरलेली पंचवीस एका सुट्टीत होतील.

घाईचं कारण शिवारात दिसतं. मे अखेरीला आमच्याकडे धूळवाफ, म्हणजे कोरड्या जमिनीतली, पेरणी होते. वळीव चुकला तर बी जमिनीतच जातं, आणि उगवून आलेलं भात बळ्ळारी नाल्याचं पाणी चढलं की कुजतं. येळ्ळूर, वडगाव, शहापूरच्या बासमतीचा वास मी लहानपणी गल्लीच्या टोकाला घेतला आहे. आज मुलांना तो सांगावा लागतो. पालक विचारतात, पोरगं शेती करेल का? मुलं मला विचारतात, हे ठरवतं कोण, आणि आम्हाला तिथं बोलता येईल का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आपण देऊ शकता. येत्या महिन्यातल्या कुठल्याही शनिवारी सकाळी साडेअकरानंतर आमच्या वर्गात या. विषय बाकूचे 300 अब्ज डॉलर आहे. आपल्याला सगळं समजावं म्हणून आठवीच्या दोन मुली आपल्या शेजारी बसून कन्नडमध्ये सांगत राहतील. त्यांनी सराव सुरू केला आहे.

आपली विश्वासू,
एक हायस्कूल शिक्षिका
बेळगाव तालुका