बेळगावच्या उद्यमबागमधल्या, गाडीच्या सीटा नीट करणाऱ्या अण्णांना थँक्यू

अण्णा, तुमचा मोबाईल बटणाचा, त्यामुळं हे तुमच्या पोरानं वाचून दाखवावं म्हणून लिहितोय.

आमच्या खानापूरचा पाऊस तुम्हाला काय सांगायचा, गाडी शेडमध्ये उभी राहिली की लेदरवर पांढरी बुरशी धरतीच, आणि माझ्या ड्रायव्हर सीटची दाराकडची कड तर चढून उतरून पार तडकलेली. तुमच्याआधी एका मोठ्या एसी दुकानात गेलेलो. कॉफी पाजली, सर सर केलं, 'एकदम नवीन करून देतो' म्हणाले, आणि संध्याकाळी ट्यूबलाइटखाली गाडी हातात दिली. सीटा रंग मारून नुसत्या चकचकीत, बसलं की घसरायला होतंय. पुढं लग्नाला जाताना तो रंग आईच्या साडीला लागला, विचारायला गेलो तर म्हणे 'मॅडम ओल्या अंगानं बसल्या असतील'. माझ्या आईला असलं बोलायचं? अजून आठवलं की डोकं फिरतंय.

तुम्ही काय केलंत, तर बाटलीच्या टोपणातनं पाण्याचा एक थेंब सीटच्या मधोमध टाकलात, तो तसाच गोल उभा राहिला. दुसरा कडेच्या भेगेवर टाकलात, तो बघता बघता आत मुरला आणि तिथं काळपट डाग उमटला. 'इथं वरचा थर हाय, इथं गेलाय. गेलाय तिथंच रंग मारायचा, बाकी सगळा मळ हाय बघा.' झालं, एवढंच. सगळ्या सीटा रंगवायचे पैसे मी द्यायला तयार होतो की! मागची सीट तुम्ही नुसती फेस आणि मऊ ब्रशनं धुतलीत, फडक्याला चहाच्या गाळासारखा मळ आला तो आईला दाखवलात. आईनं खोबरेल लावू का विचारलं तर हसलात, 'अव्वा, आताच्या गाडीच्या लेदरवर रंगाचा थर असतोय, तेल आत जात न्हाई, वरच राहून धूळ धरतंय, त्यापेक्षा पाऊस उघडला की दारं उघडी टाका, वारा लागू दे.'

पण खरं सांगू, हे सगळं एका बाजूला. काम झाल्यावर तुम्ही आणि पोरानं गाडी ढकलत शेडच्या बाहेर उन्हात आणलीत, दार उघडलंत आणि शिलाईजवळ अंगठ्याएवढ्या जागेवर बोट ठेवलंत. 'इथं रंग जरा पिवळट आलाय. आत दिसत न्हाई, उन्हात दिसतंय. बघून घ्या, मग पैसे द्या.' अहो, मला ते दिसलंच नव्हतं! तुम्ही दाखवल्यावरसुद्धा मान वाकडी करून बघावं लागलं. राहू दे म्हटलं तरी ऐकला नाहीत, परत रंग कालवलात, आईला सावलीत खुर्ची दिलीत आणि आम्हाला थांबवून घेतलंत.

आजकाल गवंडी असो नाहीतर वायरमन, काम झालं की आधी पैसे आणि मग फोन बंद, आणि आपण पण त्याला इतके सरावलोय की कुणी सरळ वागलं तर आधी संशयच येतोय, मला तर क्षणभर वाटलं हे आता जास्त पैसे मागणार. तुम्ही ठरलेल्यातनं एक रुपया वर घेतला नाहीत.

आईनं तुमच्यासाठी घरचा तांदूळ काढून ठेवलाय. दुकान कुठल्या वारी बंद असतंय तेवढं पोराला कळवायला सांगा, फेरी फुकट जायला नको.