ब्लायटन बाईंचा हिशेब जुळतो

महोदय,

रविवारच्या पुरवणीतील ब्रिटिश बाललेखिका एनिड ब्लायटनवरच्या लेखात, 'सातशेच्या आसपास पुस्तके एकटीने लिहिणे अशक्य, पदरी भाडोत्री लेखक असणार' असा सूर आहे. ही आवई बाईंच्या हयातीतच उठली होती. दक्षिण आफ्रिकेतील एका ग्रंथपालाने ती पसरवली तेव्हा बाई १९५५ मध्ये कोर्टात गेल्या आणि पुढच्या वर्षी जाहीर माफी मिळवूनच थांबल्या.

हिशेब तसा सरळ आहे. नाश्ता आटोपला की मांडीवर छोटा टाइपरायटर, मध्ये जेवणापुरती उसंत, पाचच्या सुमारास काम बंद. एवढ्यात सहा ते दहा हजार शब्द व्हायचे. 'फेमस फाइव्ह' या त्यांच्या साहसकथांच्या मालिकेतले एक पुस्तक साधारण चाळीस-पन्नास हजार शब्दांचे, म्हणजे आठवड्याभराचा ऐवज. आधी आराखडा वगैरे काही नाही. मानसशास्त्रज्ञ पीटर मॅकेलर यांना बाईंनीच पत्रांतून कळवले होते, की डोळे मिटून मन कोरे करायचे, गोष्टीतली मुले मनासमोर उभी राहिली की ती जे बोलतील-करतील ते टाइप करत जायचे. पुढे काय घडणार हे त्यांनाही ठाऊक नसे.

या घाईची किंमत पानोपानी दिसते. तीच भुयारे, तेच तस्कर, तेच मोजके शब्द! टीका करायची तर इथे भरपूर वाव आहे; बीबीसीनेही बाईंच्या गोष्टी वर्षानुवर्षे दाराबाहेरच ठेवल्या होत्या. शिवाय सातशे हा आकडा सैल आहे. 'सनी स्टोरीज'सारख्या नियतकालिकांतल्या गोष्टी पुढे संग्रहांत आल्या, त्यामुळे कोण काय मोजतो यावर तो हलतो.

परका हात शोधायचाच असेल तर तो बाईंच्या निधनानंतर (१९६८) सापडतो. मूळ 'फेमस फाइव्ह' २१ पुस्तकांची, १९४२ ते १९६३ मधली. क्लोद व्वालिए यांनी १९७१ पासून फ्रेंचमध्ये लिहिलेल्या पुढच्या कथा इंग्रजीतही आल्या. मालिकेचे नाव पाहून पुस्तक उचलणाऱ्या पालकांची तिथे गफलत होते.

दुसरी मेख २०१० ची. हॉडर प्रकाशनाने तेव्हा या मालिकेची भाषा 'आजची' केली. वाचकांना ते रुचले नाही आणि २०१६ मध्ये प्रकाशकांनी मूळ संहितेकडे परतण्याचे ठरवले. रद्दीच्या दुकानात मधल्या काळातली प्रत हाती आली, तर पहिल्या पुस्तकाचे पहिलेच वाक्य वाचावे. न्याहारीच्या टेबलावर मालिकेतला ज्युलियन आईला 'मदर' म्हणत असेल तर प्रत जुन्या संहितेची, 'मम' म्हणत असेल तर बदललेली.

– एक वाचक, ठाणे