सदरलँडला निघालेल्या लेकीस

ॲबर्डीन, जून महिना

चि. बाळ,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र पोचले. व्याह्यांनी जुलैच्या मध्यावर उत्तर स्कॉटलंडमधल्या सदरलँडात हेल्म्सडेल नदीकाठच्या लॉजवर आठवडाभराचे बीट, म्हणजे मासेमारीसाठी नेमून दिलेला नदीचा पट्टा, घेतले आहे आणि तुलाही सामन मासा गळाने धरायला काठी घेऊन पाण्यात उतरण्याचा आग्रह केला आहे, हे वाचून मला मनापासून आनंद झाला. तू दोन गोष्टी विचारल्या आहेस. जाण्यापूर्वी काय शिकून घ्यावे, ही पहिली. मासा धरायचा आणि लगेच सोडून द्यायचा, यात अर्थ काय, ही दुसरी. मासे खाणाऱ्या घरात वाढलेल्या मुलीने दुसरा प्रश्न विचारलाच पाहिजे. त्याचे उत्तर मी टाळणार नाही, पण आधी नदी आणि मासा नीट ओळखून घे, म्हणजे ते उत्तर तुला पटेल किंवा समजून नाकारता तरी येईल.

इन्व्हरनेसहून उत्तरेकडे जाणारी रेल्वे हेल्म्सडेल गावापाशी समुद्र सोडते आणि नदीच्या काठाकाठाने आत वळते. दिवसातून मोजक्याच गाड्या धावतात आणि किल्डोनन किंवा किनब्रेसला उतरायचे असेल तर गार्डला आधी सांगून ठेवावे लागते, हे विसरू नकोस. खिडकीतून पाहशील तर मैलोन् मैल घर दिसणार नाही, आणि लॉजवरचे पाहुणे या एकांताचे कौतुक करतील. पण ते खोरे मुळात ओसाड नव्हते. १८१३ पासून पुढच्या काही वर्षांत जमीनदारांनी मेंढ्यांच्या कुरणांसाठी तिथल्या गेलिक बोलणाऱ्या कुळांना घराबाहेर काढले. त्यांतील काही कुटुंबे जहाजाने थेट कॅनडाला गेली आणि आज विनिपेग शहरात किल्डोनन नावाच्या वस्त्या आहेत, त्या त्यांच्यामुळे. हेल्म्सडेल गावात या विस्थापितांचा पुतळा आहे. नदीवर जाण्यापूर्वी तो पाहून जा, अशी माझी इच्छा आहे. ज्या शांततेसाठी आपण पैसे मोजतो तिची किंमत आधी कोणी चुकवली आहे, हे तुझ्यासारख्या विचारी मुलीला ठाऊक असावे.

आता नदीविषयी. तिचा उगम पीटच्या, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या काळ्या मातीच्या, दलदलीत आहे. त्या साऱ्या प्रदेशाला फ्लो कंट्री म्हणतात आणि २०२४ मध्ये युनेस्कोने त्याचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. पीटमधून झिरपल्यामुळे पाणी कोऱ्या चहासारखे दिसते, पण ते स्वच्छ असते. वरच्या बाजूला बडनलॉख तळ्यावर बांध आहे आणि कोरड्या उन्हाळ्यात त्यातून पाणी सोडून नदी वाहती ठेवतात, त्यामुळे आसपासच्या नद्या आटल्या तरी हेल्म्सडेलमध्ये थोडीफार आशा असते. मध्ये किल्डोननचा धबधबा आहे. वसंताच्या सुरुवातीला पाणी फार थंड असते तोवर सामन त्याच्या खालीच थांबून राहतात आणि पाणी जरा उबदार झाले की वर चढू लागतात. तू जाशील तेव्हा ते वरपर्यंत पोचलेले असतील आणि त्यांत ग्रिल्स, म्हणजे समुद्रात एकच हिवाळा काढून परतलेले दोन-तीन किलोंचे मासे, अधिक असतील.

या माशाने काय पाहिले आहे, ते ध्यानात घे. हिवाळ्याच्या तोंडावर मादी शेपटीने गोट्यांत खळगा करून अंडी घालते. वसंतात पिल्ले बाहेर पडतात आणि दोन-तीन, उत्तरेच्या थंड नद्यांत कधी चारही, वर्षे त्याच ओढ्यात बोटाएवढी होईपर्यंत राहतात. या अवस्थेत त्यांना पार म्हणतात. मग एखाद्या एप्रिल-मे महिन्यात त्यांचे अंग रुपेरी होते, खाऱ्या पाण्याला सोसेल असे शरीर बनते, आणि स्मोल्ट झालेली ती पिल्ले आपल्या नदीचा वास स्मरणात घेऊन समुद्राकडे निघतात. नॉर्वेचा समुद्र, फॅरो बेटे, थेट पश्चिम ग्रीनलंडपर्यंत जाऊन, तिथे पोसून, ती पुन्हा त्याच नदीच्या मुखाशी येतात. गोड्या पाण्यात शिरल्यावर सामन खाणे सोडतो. महिनोन् महिने तो अंगातल्या चरबीवर जगतो आणि तेवढ्याच बळावर धबधबे चढतो. आपल्या कोकणात पहिल्या पावसाला वलगणीचे मासे ओढ्यांतून शेतांत चढतात, ते तू आजोळी पाहिले आहेस. अंड्यांनी भरलेल्या त्या माशांना लोक पोत्यांनी पकडतात आणि मग पुढच्या वर्षी मासा कमी का झाला म्हणून हळहळतात. सामनची चढण त्याच जातीची आहे, फक्त तिचा पल्ला हजारो किलोमीटरांचा आहे.

जो मासा खातच नाही तो गळाला बांधलेली पिसांची बनावट माशी, म्हणजे फ्लाय, तोंडात का घेतो, याचे सर्वमान्य उत्तर अजून मिळालेले नाही. राग, कुतूहल, किंवा लहानपणी ओढ्यात किडे टिपायची जुनी सवय, असे तर्क आहेत. त्यामुळे फ्लायची नावे पाठ करण्यात वेळ घालवू नकोस. उन्हाळ्यातल्या कमी पाण्यात फ्लाय लहान ठेवायची, एवढे पुरे. बाकी निवड गिलीवर, म्हणजे नदीवरच्या वाटाड्यावर, सोड.

तुझी सारी मेहनत फेकीवर लाव. दोन हातांनी धरायची काठी साधारण तेरा फुटांची असते आणि पाठीमागे झाडी किंवा चढ असला तरी दोरी मागे न नेता पाण्यावरूनच वळवून फेकता येते. स्पे नदीवर ही रीत घडली म्हणून तिला स्पे कास्ट म्हणतात. यात दंडाचे काम थोडे असते आणि वेळ साधण्याचे जास्त. जोर लावणारी माणसे दुपारपर्यंत थकतात आणि त्यांची दोरी पायाशी गुंतते. आधी दोरी सरळ करून घे, काठी सावकाश उचल, दोरीचा वळसा पाण्यावर टेकू दे, आणि तो टेकला की लगेच, पण घाई न करता, पुढे सोड. दोरी प्रवाहाच्या खालच्या अंगाला तिरकी पडली पाहिजे. मग तिला हात लावायचा नाही. प्रवाहच फ्लायला पलीकडच्या काठाकडून तुझ्या काठापर्यंत कमानीने ओढून आणतो. ती तुझ्या खाली सरळ लोंबली की थोडी दोरी आत घे, दोन पावले खाली सरक, पुन्हा फेक. असा सारा कोंड वरून खालपर्यंत विंचरला जातो. बहुतेक वेळा काहीही घडत नाही. सबंध आठवड्यात एकही मासा न लागणे ही सामनच्या नदीवर नेहमीची गोष्ट आहे आणि व्याही त्याचे वाईट वाटून घेणार नाहीत, तूही घेऊ नकोस.

मासा लागला तर पहिल्या क्षणी काठी उचलायची नाही. हे सर्वांना अवघड जाते, कारण गरवताना गरीला ओढ लागली की झटका द्यायचा हे आपल्या हाताला लहानपणापासून ठाऊक असते. सामन फ्लाय घेऊन वळतो आणि वळतानाच गळ त्याच्या तोंडाच्या कोपऱ्यात बसतो. आधी झटका दिलास तर गळ तोंडातून निसटतो. रिळातून दोरी जाऊ दे, वजन जाणवू दे, मग काठी उभी कर. पुढे मात्र खेळ लांबवायचा नाही. मासा दमून निपचित पडेपर्यंत झुंजवणे मला क्रूरपणाचे वाटते, मग त्याला कोणी कितीही रसिकपणा म्हणो. काठी आडवी झुकवून, दाब कायम ठेवून त्याला लवकर जवळ आण. गळ बिनकाट्याचा असू दे. जाळे बिनगाठींचे असू दे. हात आधी नदीत भिजव, कारण कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा चिकट थर निघतो आणि मग तिथे बुरशी धरते. त्याला पाण्याबाहेर काढू नकोस. शेपटीच्या चिंचोळ्या भागाशी एक हात, पोटाखाली दुसरा, तोंड प्रवाहाकडे. कल्ले संथपणे उघडमीट करू लागतात, अंगात ताकद येते, आणि मग तो स्वतःच हातातून जातो. फोटो काढायचाच असेल तर तो पाण्यात असतानाच काढा.

आता तुझा प्रश्न. धरून सोडण्यात माशाला त्रास होतोच आणि काही मासे मरतातही. यावर पांघरूण घालणाऱ्यांचे बोलणे मला आवडत नाही. स्कॉटलंडमध्ये गळाला लागलेल्या सामनच्या नोंदी १९५२ पासून ठेवल्या जातात आणि २०२३ चा आकडा तोवरच्या साऱ्या वर्षांतला सर्वांत कमी होता. त्याच वर्षाच्या डिसेंबरात आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संस्थेने ब्रिटनमधील सामनला संकटग्रस्त ठरवले. गळाने धरलेला सामन विकायला २००२ पासून बंदी आहे, १ एप्रिलपूर्वी लागलेला प्रत्येक सामन सोडून देणे २०१५ पासून कायद्याने बंधनकारक आहे, आणि आता वर्षभरात लागलेल्या शंभर माशांतले पंच्याण्णवांहून अधिक परत पाण्यात जातात. रविवारी तर सामनसाठी काठीच हाती घेता येत नाही. तरीही मासा घटतोच आहे, कारण मुख्य संकट गळ नव्हे. समुद्र बदलतो आहे, ओढ्यांवरची सावली गेली आहे, पाणी तापते आहे. पूर्वी समुद्रात गेलेल्या शंभर स्मोल्टपैकी वीस-पंचवीस परत येत, आता पाच आले तरी पुष्कळ. हे सारे कळले ते नदीवर दरवर्षी येणाऱ्या आणि प्रत्येक मासा वहीत लिहिणाऱ्या माणसांमुळे. चोरट्या जाळ्यांवर नजर ठेवणाऱ्या राखणदारांचे पगार आणि ओढ्यांकाठची नवी झाडे यांचा खर्चही बराचसा त्यांच्याच पैशांतून निघतो. इकडे डी नदीच्या वरच्या खोऱ्यात दहा लाख देशी झाडे लावण्याचा संकल्प तिथल्या नदी संस्थेने केला आहे. ज्या नदीवर कोणी उभेच राहत नाही तिच्याकडे लक्षही कोणाचे नसते, असा माझा अनुभव आहे. महाडजवळच्या वाळण कोंडीत देवीचे म्हणून कोणी मासे मारत नाही आणि तिथे महासीर अजून टिकून आहेत. तिथे श्रद्धेने जे साधले ते इथे लोक वह्या, कायदे आणि हौस यांनी साधू पाहत आहेत, आणि मी त्यांच्या बाजूचा आहे.

परंतु ही बाजू घेण्याला एक अट आहे आणि ती मी तुला निक्षून सांगतो. कोमट पाण्यात प्राणवायू कमी असतो आणि दमलेला सामन अशा पाण्यात सोडला तरी वाचेलच असे नाही. पाण्याचे तापमान वीस अंशांच्या घरात गेले की काठी खाली ठेव. आठवड्याचे पैसे भरलेले आहेत, सुट्टी पुन्हा मिळणार नाही, सासरची मंडळी उत्साहात आहेत, यांतले कोणतेही कारण त्या माशाला लागू होत नाही. व्याह्यांचा मान राखून, शांतपणे, पण ठामपणे नाही म्हण. पहाटे पाणी थंड असते तेव्हा जाता येईल. तेही जमले नाही तर फोर्सिनार्डला जाऊन दलदलीवरच्या फळ्यांच्या वाटेने चालून या.

गिलीला नोकर समजू नकोस. ज्या माणसाने एका नदीचे दगडन् दगड ओळखण्यात आयुष्य घालवले, त्याच्याजवळ बसून ऐकावे. तो फेक सुधारायला सांगेल तेव्हा वाद घालू नकोस, आणि शेवटच्या दिवशी बक्षिसी पाकिटात घालून, आभार मानून, स्वतःच्या हाताने दे. त्याला जॉर्जिना बॅलंटाइनविषयी जरूर विचार. ७ ऑक्टोबर १९२२ रोजी टे नदीवर तिने चौसष्ट पौंडांचा सामन धरला, तोही संध्याकाळी, दोन तासांहून अधिक झुंजून, आणि होडीत तिच्यासोबत तिचे वडील होते. ते तिथल्या जमीनदाराकडे होडीवाले होते. तो मासा फ्लायवर नव्हे, आमिषावर लागला होता, तरी ब्रिटनमध्ये गळाने धरलेला सर्वांत मोठा सामन आजही तोच आहे. त्या काळी मासा सोडायची रीत नव्हती. तो पर्थच्या रुग्णालयाला दिला गेला.

काही किरकोळ सूचना आईच्याही आहेत, त्या तिच्याच आग्रहाने लिहितो. संध्याकाळी वारा पडला की मिजेस नावाची बारीक चावरी चिलटे अंगावर तुटून पडतात, तेव्हा पूर्ण बाह्यांचे कपडे आणि तोंडावरची जाळी जवळ ठेव. नेचे आणि गवत यांतून चालून आल्यावर गोचिडी लागली नाही ना, हे रोज तपासून पाहा, कारण तिकडे तिच्यामुळे लाइम रोग होतो. काळा चष्मा फेकताना कधीही काढायचा नाही. वाऱ्याने फ्लाय डोळ्यावर आली तर तोच वाचवतो. पाण्यात मांडीच्या वर उतरू नकोस, आधाराची काठी आणि लाइफ जॅकेट यांचा कंटाळा करू नकोस.

माझी तेरा फुटी काठी, रीळ आणि वेडर्स, म्हणजे पाण्यात उतरायचा जलरोधक पोशाख, पुढच्या आठवड्यात पार्सलने पाठवतो. हे सामान मी नॉर्वेत वापरले होते. तिथल्या काही नद्यांत गायरोडॅक्टिलस नावाचा परजीवी आहे. सामनची पिल्ले त्याने मरतात. स्कॉटलंडच्या नद्या अजून त्यापासून मुक्त आहेत, म्हणून सारे जंतुनाशकात बुडवून, कडक वाळवून मगच बांधले आहे. तरी लॉजवर त्याविषयी विचारतील, तेव्हा हे सांग, आणि त्यांना पुन्हा धुवायचे असेल तर धुऊ दे. लीडरचे, म्हणजे दोरीच्या टोकाच्या बारीक धाग्याचे, रीळ मात्र तिथल्या दुकानातून नवे घे, माझे जुने झाले आहे.

व्याही-विहीणबाईंना आमचा नमस्कार. जावईबापूंना आशीर्वाद.

तुझे,
बाबा